लिलावातील जुने कपाट आणि उकव्याची खाण

उकवा हे नाव महाराष्ट्रातील फार थोड्या वाचकांच्या कानांवरून गेले असेल. बालाघाट शहरापासून चाळीसएक किलोमीटरवर, बैहरकडे जाणाऱ्या वाटेने घाट चढून गेले की रानाच्या सोबतीनेच हे गाव लागते. जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग अजून वनाखाली आहे. १९५६ पर्यंत नागपूर ज्या राज्याची राजधानी होते, त्याच राज्यात बालाघाट मोडत असे. त्यामुळे गोंडी, हिंदी आणि पोवारी यांच्या जोडीला मराठीही या जिल्ह्याला परकी नाही. परंतु उकव्याची खरी ओळख त्याच्या पोटातील काळ्या दगडाने झालेली आहे. हा दगड म्हणजे मँगनीजचे खनिज. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या तीन जिल्ह्यांतून या खनिजाचा एक पट्टा कमानीसारखा गेलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मँगनीजच्या उत्पादनात रशियाच्या बरोबरीने हिंदुस्थानचे नाव घेतले जाई, ते मुख्यतः या पट्ट्याच्या जोरावर. येथील खाणी चालवणाऱ्या कंपनीचा वंश १८९६ मध्ये निघालेल्या एका विलायती मंडळीपर्यंत मागे जातो. १९६२ मध्ये तिच्यात भारत सरकारचा वाटा आला, १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली आणि २०१० पासून ती ‘मॉयल’ या नावाने ओळखली जाते. तिची मुख्य कचेरी नागपुरास आहे.

आता, जुन्या वस्तूंचा लिलाव आणि उकव्याची खाण यांचा संबंध काय, असा प्रश्न कोणीही विचारील. संबंध आहे, आणि तो घरातील लोखंडी कपाटातून जातो.

मँगनीजवाचून पोलाद होत नाही. वितळलेल्या लोखंडातील प्राणवायू काढून घेणे, गंधकाला बांधून ठेवणे आणि धातूला चिवटपणा आणणे ही तिन्ही कामे मँगनीज करते. आणि त्याची जागा घेईल असा दुसरा स्वस्त पदार्थ अद्याप सापडलेला नाही. सरासरीने एक टन पोलादामागे सहा ते दहा किलो मँगनीज लागते. म्हणजे ८० किलो वजनाचे एक साधे कपाट धरले, तर त्याच्यामागे अर्ध्या किलोच्या आसपास मँगनीज आले. हे फारच थोडे वाटेल. पण ते अर्धा किलो मिळवण्यासाठी काय करावे लागते, हे उकव्यास गेलेल्या माणसाला समजते.

तेथील खाण भूमिगत आहे. जमिनीखाली दगड फोडून खनिज काढावयाचे, ते वर आणावयाचे, निवडावयाचे आणि मालमोटारींनी घाटाखाली न्यावयाचे. एवढ्याने काम संपत नाही. खनिज काढून घेतले की डोंगराच्या पोटात पोकळी राहते, आणि ती तशीच ठेवली तर वरचे छत खाली येते. म्हणून अशा खाणींत रिकाम्या झालेल्या जागी पाण्याबरोबर वाळू सोडून ती पोकळी भरून काढण्याची पद्धत आहे. म्हणजे एका ठिकाणी डोंगर पोखरला, की ती पोकळी बुजवण्यासाठी वाळू दुसरीकडून उपसावी लागते. खाणीचा हिशेब मांडताना हा दुसरा खड्डा सहसा कोणी मांडीत नाही.

पोलादाचा पुढचा प्रवास याहून जड आहे. खनिजापासून एक टन पोलाद तयार करण्यास साधारणपणे दीड टन लोहखनिज आणि पाऊण टनाच्या वर दगडी कोळसा लागतो, आणि त्यातून सव्वादोन टनांच्या आसपास कार्बन डाय-ऑक्साइड वायू हवेत जातो. आपल्या ८० किलोंच्या कपाटाच्या वाट्याला यातील सव्वाशे किलो लोहखनिज, साठएक किलो कोळसा आणि जवळजवळ १८० किलो वायू येतो. पत्रा कापणे, वाकवणे, सांधणे, रंगवणे आणि भट्टीत भाजणे हा खर्च वेगळाच. कपाट एकदा घरात उभे राहिले की मात्र ते काहीही खात नाही. पुढील पन्नास वर्षे ते कोपऱ्यात निमूटपणे उभे असते. जो काही भार त्याने पृथ्वीवर टाकावयाचा, तो दुकानात येण्यापूर्वीच टाकलेला असतो. जुन्या वस्तूंच्या व्यापाराचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘जुने लोखंड भंगारात जाते, वितळते आणि पुन्हा पोलाद होते, मग ते वाया कोठे गेले?’ आक्षेप रास्त आहे. भंगार वितळवून पोलाद केले तर एका टनामागे दीड टन वायू, १.४ टन लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो, असे पोलादउद्योगाचे मान्य गणित आहे. परंतु वितळवण्यासाठी विजेची भट्टी पेटवावीच लागते, पत्रा पुन्हा लाटावा लागतो आणि कपाट पुन्हा बनवावे लागते. धडके कपाट भंगारात घालणे म्हणजे पुरणपोळी मोडून तिचे पुन्हा पीठ करावयास निघणे होय. तेच कपाट दुसऱ्या घरी गेले तर भट्टी पेटतच नाही.

भंगार आणि जुनी वस्तू यांत हा जो फरक आहे, तो आपल्या भाषेला पूर्वीपासून ठाऊक आहे. घरातील पितळी हंडा चेपला, फुटला, कासाराकडे गेला आणि केवळ धातूच्या वजनावर विकला गेला, म्हणजे तो ‘मोडीत’ निघाला. चांगला हंडा मोडीत घालणारी सून घरबुडवी समजली जाई. कल्हई गेली तर कल्हईवाल्याला हाक मारावी, कडी निखळली तर झाळून घ्यावी, आणि अगदीच इलाज उरला नाही तर मोड. असा तो क्रम होता. दुरुस्ती, पुनर्विक्री आणि शेवटी भट्टी हाच क्रम आज पर्यावरणाचे अभ्यासक मोठ्या परिश्रमाने समजावून सांगत असतात.

खाणवस्तीत जुन्या वस्तूंचा व्यवहार आपोआप होतो. बदली झाली, किंवा निवृत्तीनंतर कंपनीचे घर सोडावयाचे झाले, की पलंग, कपाट, शिलाईयंत्र आणि मुलांची सायकल हे सारे घाटाखाली नेण्याचे भाडे वस्तूंच्या किमतीहून अधिक भरते. तेव्हा शेजारी विचारतो, किंमत ठरते आणि पलंग चार घरे पलीकडे जातो. खाण स्वतःही हेच करते; फक्त रीत कचेरीची असते. सरकारी उद्योगांतील झिजलेली यंत्रे, तारदोर, जुन्या मोटारी आणि रूळ यांची मोजदाद होऊन त्यांचे लिलाव निघतात. अशा लिलावांचा देशव्यापी व्यवहार पाहणारी एक सरकारी कंपनी १९६४ मध्ये कलकत्त्यास स्थापन झाली, ती एम.एस.टी.सी. या आद्याक्षरांनी प्रसिद्ध आहे. पूर्वी बोली लावण्यासाठी माणसे आवारात जमत. आता ती घरबसल्या संगणकावर लागते. या मालातील बराचसा भाग भंगारच असतो. पण जाणता व्यापारी त्यातून विजेची मोटर वेगळी काढतो, तिची तार पुन्हा गुंडाळून घेतो आणि ती शेतकऱ्याच्या विहिरीवर बसते. त्या मोटरीतील तांबेही कदाचित याच जिल्ह्यातील असेल; देशातील तांब्याची मोठी उघडी खाण मलाजखंड येथे, बालाघाट जिल्ह्यातच आहे.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, याच व्यवहाराचे एक निराळे रूप दिसते. तेथे घरातील जादा सामान ठेवण्यासाठी महिन्याच्या भाड्याने खोल्या मिळतात. भाडे थकले, ठरलेली नोटीस दिली आणि मुदत उलटली, की मालक कुलूप काढून त्या खोलीतील सामानाचा एकगठ्ठा लिलाव करतो. दार वर उचलले जाते, बोली लावणारे उंबरठ्याबाहेरून डोकावतात, आत पाऊल टाकण्याची किंवा खोके उघडण्याची परवानगी नसते, आणि दिसेल तेवढ्यावर अदमास बांधून बोली चढते. २०१० मध्ये या लिलावांवर तिकडे दूरचित्रवाणीची एक मालिका निघाली आणि पुष्कळांना वाटू लागले, की प्रत्येक खोलीत एखादी मोहरांची पेटी पुरलेली असते. वास्तविक बहुतेक खोल्यांत गाद्या, खुर्च्या, कपडे, भांडी आणि कागद, म्हणजे संसाराचा गाळ, एवढेच सापडते.

आपल्याकडे अशा भाड्याच्या खोल्या मोठ्या शहरांतून नुकत्याच दिसू लागल्या आहेत. परंतु न सोडवलेल्या मालाचा लिलाव आपणांस नवा नाही. रेल्वेने आलेला माल कोणी घेऊन गेले नाही, तर सूचना देऊन तो जाहीर लिलावात विकण्याची तरतूद १९८९ च्या रेल्वे अधिनियमात आहे. बंदरावर उतरलेला माल तीस दिवसांत सोडवला नाही, तर आयात करणाऱ्यास सूचना देऊन तो विकता येतो, असे १९६२ चा सीमाशुल्क अधिनियम सांगतो. मुंबई आणि न्हावा-शेवा येथील असे लिलाव व्यापाऱ्यांच्या चांगले परिचयाचे आहेत. या लिलावांपुरते बोलावयाचे तर एक गोष्ट स्पष्ट आहे: ते झाले नाहीत तर माल गोदामात कुजतो, आणि कुजलेला माल शेवटी गावाबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगरावर जातो.

मात्र केवळ बोली लागली म्हणजे निसर्गाचा लाभ झाला असे नव्हे. खोली जिंकणाऱ्यास ती एकदोन दिवसांत मोकळी करून द्यावी लागते. घाईत असलेला मनुष्य विकाऊ चार वस्तू उचलतो आणि उरलेले सारे कचऱ्यात टाकतो. तसे झाले तर लिलावाने कचरा वाचवला नाही. कचऱ्याचा फक्त मालक बदलला. खरा लाभ त्यानंतरच्या कंटाळवाण्या कामात आहे. गादीतला कापूस बरा आहे का पाहणे, खुर्चीचा मोडका पाय बसवणे, कपडे धुऊन त्यांची प्रतवारी करणे, पंख्याची तार बदलणे, आणि ज्याला ज्या वस्तूची गरज आहे त्याच्या दारापर्यंत ती पोचवणे, ही ती कामे. हे काम करणाऱ्यास आपल्या समाजात मान नाही. जुन्या बाजारातला दुकानदार म्हटला की चोरीच्या मालाचा संशय, आणि भंगारवाला म्हटला की दार अर्धेच उघडावयाचे, ही आपली रीत. नगरपालिकांच्या कचरागाड्या जे करू शकत नाहीत ते ही माणसे पोटासाठी करीत आली आहेत, ही गोष्ट एकदा मोकळेपणाने मान्य करावयास हवी.

त्यांत सर्वांत परिचित मूर्ती बोहारणीची. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचे बोचके, आणि तिसऱ्या प्रहरी गल्लीत घुमणारी ती हाक! तिची पारख अशी, की साडीचा एक पदर उजेडात धरला की किती ठिकाणी विरली आहे ते तिला कळते. घेतलेल्या कपड्यांतील धडके ती निराळे काढते. ते धुऊन, इस्त्री करून जुन्या कपड्यांच्या बाजारात जातात. विरलेल्यांचे पुसणे होते. लोकरीचे कपडे उत्तरेस पानिपतपर्यंत पोचतात आणि तेथे त्यांचे तंतू पिंजून पुन्हा घोंगड्या होतात. एक किलो कापूस तयार होण्यास जगाच्या सरासरीने दहा हजार लिटर पाणी लागते. त्यात पावसाचे पाणीही आले. भारतात हा आकडा त्याहून मोठा आहे. तेव्हा अर्ध्या किलोचे सुती लुगडे आणखी दोन वर्षे कोणाच्या अंगावर राहिले आणि त्यामुळे नव्याची खरेदी टळली, तर किती रांजण पाणी राहिले याचा हिशेब गृहिणीने स्वतःच करावा. गंमत एवढीच, की बोहारीण बदल्यात जे चकचकीत पातेले देते त्याच्या स्वस्त पोलादात पुष्कळदा मँगनीजचेच प्रमाण भरपूर असते. एका हाताने वाचवलेले दुसऱ्या हाताने थोडेसे परत जाते.

येथे या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. जुनी वस्तू घेतल्याने नवी वस्तू घेणे टळले का? टळले असेल, तरच उकव्याचा दगड जमिनीत राहिला. ज्या घराला कपाट हवेच होते आणि ज्याने नव्याऐवजी जुने घेतले, त्याने वर सांगितलेला कोळसा आणि वायू बऱ्याच अंशी वाचवला. ज्या घरात दोन कपाटे आहेत आणि ‘लिलावात फुकटच्या भावात मिळाले’ म्हणून तिसरे आले, त्याने काहीही वाचवले नाही. उलट ते ठेवावयास जागा हवी म्हणून मोठे घर पाहण्याचा विचार त्याच्या डोक्यात शिरतो. विकणाऱ्याच्या बाजूनेही हाच प्रश्न आहे. जुन्याचे बरे पैसे येतात म्हणून दरवर्षी नवा पलंग आणणारा मनुष्य जुन्या बाजाराचा उपकारकर्ता असेल, निसर्गाचा नव्हे. श्रीमंत देशांतून जुन्या कपड्यांचे गठ्ठे जहाजे भरून आफ्रिकेत जातात. घानाच्या राजधानीतील, आक्रा येथील कांतामांतो बाजारात शिवणारे, रफू करणारे आणि रंगवणारे हजारो हात त्यांवर पोट भरतात. पण गठ्ठ्यातून इतका निकामी माल निघतो, की तो तेथील गटारांतून समुद्रकिनाऱ्यावर येऊन पडतो. देणाऱ्याने दान म्हणून दिले, घेणाऱ्याच्या गावी कचरा झाला.

वाहतुकीबद्दल पुष्कळांची समजूत उलटी असते. नागपूरच्या लिलावात घेतलेले ८० किलोंचे कपाट दोनशेहून अधिक किलोमीटर दूर उकव्यास आणले तर सारी बचत रस्त्यातच जळून जाणार नाही काय? इतर मालाबरोबर मालमोटारीत ते आले तर त्याच्या वाट्यास दोनएक किलो वायू येतो. १८० किलोंपुढे ती रक्कम काहीच नाही. परंतु तेच एक कपाट आणण्यासाठी कोणी स्वतःची जीप घेऊन मुद्दाम गेला आणि आला, तर जाळलेल्या डिझेलचा वायू सत्तर-ऐंशी किलोंपर्यंत जातो, आणि बचतीचा जवळजवळ निम्मा भाग तेथेच संपतो. तेव्हा अंतराला भिण्याचे कारण नाही. रिकाम्या गाडीला भ्यावे.

काही वस्तू मात्र कितीही स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नयेत. कपाट उभे राहून काही खात नाही, असे वर म्हटले; शीतकपाट मात्र रात्रंदिवस खाते. जुने शीतकपाट नव्यापेक्षा वर्षाला तीनशे युनिट वीज अधिक घेत असेल, तर आपल्या देशातील कोळशाच्या विजेच्या मानाने ते दोनशे किलो जादा वायू सोडते. म्हणजे लोखंडी कपाटाने वाचवले त्याहून अधिक ते एका वर्षात गमावते. फार जुने असेल तर त्यात ज्या वायूने थंडी येते तोच ओझोनच्या थराचा वैरी असतो, आणि उष्णता कोंडण्यात तो कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पट भारी पडतो. भारतात त्याचे उत्पादन २००८ मध्ये बंद झाले. अशी पेटी अधिकृत मोडणाऱ्याकडेच जावी. शिशाच्या जुन्या बॅटऱ्या आणि फुटके दूरचित्रवाणी-संच यांचेही तसेच आहे. गल्लीच्या टोकाला बॅटरी फोडून शिसे वितळवणारा मनुष्य दोन पैसे मिळवतो, आणि ते विष त्याच्याच मुलांच्या रक्तात उतरते. विजेच्या टाकाऊ उपकरणांसंबंधी आणि बॅटऱ्यांसंबंधी २०२२ मध्ये नवे नियम झाले आहेत. त्यांनुसार नोंदणी झालेल्या ठिकाणी त्या देता येतात. उकव्यासारख्या गावी असे ठिकाण जवळपास सापडणे कठीण. मग दहा घरांच्या बॅटऱ्या एका कोरड्या कोपऱ्यात, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा, जमवून बालाघाटास जाणाऱ्या गाडीने एकदम पाठवणे, एवढा उपाय राहतो.

शेवटी लिलावातील मालाची आणखी एक बाजू आहे, ती हिशेबात येत नाही. थकलेल्या भाड्याची खोली किंवा न सोडवलेले गाठोडे यांच्यामागे पुष्कळदा एखादे आजारपण असते, गेलेली नोकरी असते, नाहीतर मृत्यू असतो. आपल्याकडील भांड्यांवर नावे घालण्याची चाल आहे. लग्नात आलेल्या घंगाळ्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख कोरलेली असते. असे भांडे लिलावातून घरी आले, की परक्याच्या नावाचे पाणी कसे प्यावे असा संकोच काही घरांतून वाटतो, आणि ते सरळ मोडीत घातले जाते. तसे करण्याचे कारण नाही. जुन्या नावाखाली आपले नाव घालून घेतले की भागते; पितळ दोन्ही नावे सांभाळते. छायाचित्रे, पत्रे, शाळेचे दाखले, जमिनीचे कागद हे मात्र विकत घेणाऱ्याचे नव्हेत. कपाट घरी आले की पहिल्याच दिवशी त्याचे सर्व खण ओढून पाहावेत, तिजोरीच्या मागे हात घालून पाहावा, आणि जे सापडेल ते एका पुडक्यात बांधून लिलाव करणाऱ्या कचेरीत परत द्यावे. मूळ मालकाचा पत्ता तेथील वहीत तोपर्यंत असतो.